विश्रांतीचा खर्च एका आकड्यात मावत नाही

जिममध्ये नाव नोंदवले की पहिल्याच दिवशी एका यंत्रावर उभे केले जाते आणि मिनिटभरात हातात कागद येतो. त्यावर वजन असते, चरबीचे प्रमाण असते, स्नायूंचे वजन असते आणि ‘बीएमआर’ नावाचा एक आकडा असतो. समजा, 1,287 कॅलरी. शरीर काहीही न करता, नुसते जिवंत राहण्यासाठी दिवसभरात एवढी ऊर्जा खर्च करते, असे सांगितले जाते. फोनमधली अ‍ॅप्सही असाच आकडा देतात आणि मग त्यात चालण्या-फिरण्याची भर घालून, दिवसाला किती खायचे याचा हुकूम निघतो. इतका नेमका आकडा पाहिला की तो मोजलेला असणार, असे कुणालाही वाटेल. पण त्या यंत्राने त्या व्यक्तीचा ऊर्जाखर्च मोजलेलाच नसतो. त्याने वजन घेतलेले असते, अंगातून क्षीण विद्युतप्रवाह सोडून शरीराने त्याला केलेला विरोध टिपलेला असतो, आणि उरलेले काम एका सूत्राने केलेले असते. ते सूत्र दुसऱ्याच कुणाच्या शरीरांवरून बांधलेले आहे. सूत्राने अंदाज करण्यात गैर काही नाही. अंदाजाची मर्यादा झाकून तो मोजमाप म्हणून देण्यात मात्र गैर आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे की जिममध्ये, दवाखान्यात आणि सरकारी धोरणातही विश्रांतीच्या ऊर्जाखर्चाचा आकडा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असाच सांगितला गेला पाहिजे, आणि भारतीयांसाठी ही कक्षा भारतीय शरीरांच्या प्रत्यक्ष मोजमापांतून ठरली पाहिजे.

हा खर्च क्षुल्लक नाही, म्हणूनच त्याच्या अंदाजाची चिंता करायची. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या एकूण खर्चापैकी साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा विश्रांतीच्या या खात्यावरच जाते. हृदय धडधडत राहते, मूत्रपिंडे रक्त गाळत राहतात, यकृत रसायने घडवत आणि मोडत राहते, पेशी आपल्या आतले आणि बाहेरचे क्षार यांचा तोल राखत राहतात, आणि मेंदू झोपेतही काम थांबवत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या खर्चातला त्याचा वाटा सुमारे 20 टक्के. हृदय आणि मूत्रपिंडे दिवसाला किलोमागे सुमारे 440 कॅलरी वापरतात, मेंदू 240, यकृत 200. याउलट विश्रांतीतला स्नायू किलोमागे अवघ्या 13 कॅलरी वापरतो आणि चरबी त्याहूनही कमी, चार-साडेचार. म्हणजे व्यायामाने एक किलो स्नायू वाढवला तर बसल्या-बसल्या खर्च खूप वाढतो, हा लोकप्रिय समज या आकड्यांपुढे टिकत नाही. व्यायामाचे फायदे पुष्कळ आहेत. हा मात्र त्यांतला मोठा फायदा नव्हे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकाच वजनाच्या दोन माणसांत या अवयवांचे, स्नायूंचे आणि चरबीचे प्रमाण वेगळे असेल, तर त्यांचा विश्रांतीचा खर्चही वेगळा असणार. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

हा खर्च खरोखर मोजता येतो, आणि त्याची पद्धत जुनी आहे. 1780च्या दशकात आंत्वान लाव्हॉझिए आणि पिएर-सिमों लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवला, किती बर्फ वितळला ते पाहिले आणि श्वसन हे एक संथ ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. पुढे लाव्हॉझिएने सहकारी आर्मां सेग्वँ याच्यावर प्रयोग करून, माणूस जेवल्यावर, थंडीत आणि श्रम करताना प्राणवायू जास्त वापरतो, हे दाखवले. आजचे मोजमाप त्याच तत्त्वावर उभे आहे. माणूस दहा-बारा तास उपाशी हवा, रात्रीची झोप झालेली हवी, आधी श्रम नकोत, खोली फार गार वा उबदार नको. तो जागा पण निवांत पडून हवा. त्याने घेतलेला प्राणवायू आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड यंत्राने मोजला जातो. एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण 4.8 कॅलरी खर्च झाल्या, असा हिशेब बसतो. इतक्या अटी पाळूनही त्याच माणसाचे मोजमाप दुसऱ्या दिवशी घेतले तर 3 ते 5 टक्क्यांचा फरक पडतो. प्रयोगशाळेतले खरे मोजमापच जर रोज थोडे हलते, तर यंत्रावर कपड्यांनिशी उभ्या असलेल्या माणसाला एककापर्यंत नेमका आकडा देण्याला आधार कोणता?

सूत्रे आली ती सोयीपोटी. प्रत्येक रुग्णाला तासभर यंत्राखाली निजवणे शक्य नव्हते. 1919 साली बोस्टनमधल्या पोषण प्रयोगशाळेतून जे. आर्थर हॅरिस आणि फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी 136 पुरुष आणि 103 स्त्रियांच्या मोजमापांवरून वजन, उंची आणि वय यांची समीकरणे मांडली. शंभर वर्षे उलटून गेली तरी ती आजही वापरात आहेत. 1990 साली अमेरिकेतच 498 निरोगी माणसांच्या मोजमापांवरून मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांचे सूत्र आले. आज बहुतेक अ‍ॅप्स तेच वापरतात. आता 40 वर्षांची, 60 किलो वजनाची, 155 सेंटिमीटर उंचीची स्त्री घेऊ. हॅरिस-बेनेडिक्ट सूत्राने तिचा विश्रांतीचा खर्च सुमारे 1,329 कॅलरी येतो. मिफ्लिनच्या सूत्राने 1,208. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 1985 साली स्वीकारलेल्या स्कोफील्डच्या सूत्राने 1,333. तीच स्त्री, तोच दिवस आणि उत्तरांत 125 कॅलरींचा फरक, म्हणजे एका पोळीहून थोडा अधिक. यांतले कोणते सूत्र वापरले, हे हातात पडणाऱ्या कागदावर बहुधा लिहिलेले नसते. ते न सांगता दिलेला आकडा तपासायचा तरी कसा?

सूत्रासूत्रांतला हा फरक एक वेळ बाजूला ठेवू. सर्वोत्तम सूत्र निवडले तरी ते माणसांच्या समूहाची सरासरी सांगते, समोरच्या माणसाची नव्हे. 2005 साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा मिफ्लिनचे सूत्र सर्वांत विश्वासार्ह ठरले. पण त्याचा अर्थ एवढाच होता की लठ्ठ नसलेल्या सुमारे 82 टक्के लोकांत सूत्राचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापाच्या 10 टक्के आतबाहेर आले; लठ्ठ व्यक्तींत हे प्रमाण सुमारे 70 टक्के होते. म्हणजे सर्वांत चांगले सूत्रही पाचातल्या एकाच्या बाबतीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त चुकते. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ‘1,208’ असे नव्हे, तर ‘बहुधा 1,090 ते 1,330च्या दरम्यान, आणि याबाहेर असण्याचीही शक्यता आहे’ असे द्यावे लागेल. वयाबद्दलच्या समजुतींनाही आता धक्का बसला आहे. ही सूत्रे दर वर्षागणिक ठरावीक कॅलरी वजा करत जातात आणि ‘तिशी ओलांडली की मेटाबॉलिझम मंदावतो’ हे वाक्य सर्वतोमुखी आहे. पण 2021 साली हर्मन पॉन्ट्झर आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत 6,421 व्यक्तींची मोजमापे एकत्र केली. शरीराच्या आकाराचा आणि घडणीचा हिशेब केल्यावर 20 ते 60 या वयात ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर वर्षाला सुमारे 0.7 टक्क्याने उतरतो, असे त्यात दिसले. चाळिशीतली वजनवाढ वयाच्या माथी मारणे सोपे आहे. पुराव्याने मात्र ती तशी मारता येत नाही.

आता भारतीय शरीरांकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत मोठा अन्याय तिथे आहे. स्कोफील्डच्या सूत्रामागे 7,173 मोजमापे होती आणि त्यांतली 3,388, म्हणजे 47 टक्के, एकट्या इटलीतली होती. त्यांतही सैनिकी विद्यार्थी आणि अंगमेहनत करणारे तरुण मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा किलोमागचा खर्च इतरांपेक्षा जास्त होता. या सूत्राला जागतिक मान्यता मिळाली आणि ढाक्यापासून धुळ्यापर्यंत सर्वांची गरज त्यावरून मोजली जाऊ लागली. उष्ण कटिबंधातल्या लोकांत ते खर्च जास्त दाखवते, हे लवकरच लक्षात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीयांसाठी या सूत्राचे उत्तर 5 टक्क्यांनी कमी धरायचे ठरवले. 2005 साली जेया हेन्री यांनी इटलीची मोजमापे वगळून, उष्ण कटिबंधातली सुमारे 4,000 मोजमापे घेऊन, एकूण 10,552 मोजमापांवर नवी सूत्रे मांडली. त्यांची उत्तरेही बहुतेक गटांत कमीच येतात. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा दाखला 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीयुक्त असे हे भारतीय शरीर याज्ञिकांनी पुढच्या संशोधनातही तपशिलाने मांडले. अशा शरीरात किलोमागे जास्त ऊर्जा वापरणारे ऊतक कमी असते. त्यामुळे युरोपीय वजनावर बेतलेले सूत्र आपल्याकडे वरच्या बाजूला चुकणे अपरिहार्य आहे. सरसकट 5 टक्के कापणे हा त्यावरचा तात्पुरता उपाय झाला. कोकणातली मच्छीमार स्त्री, नंदुरबारचा आदिवासी तरुण आणि ठाण्यातला संगणक अभियंता या तिघांना एकच कात्री कशी लागू होईल?

जिमच्या कागदावरची चूक एका माणसापुरती राहते. धोरणातली चूक कोट्यवधींच्या ताटापर्यंत पोहोचते. स्कोफील्डचे सूत्र स्वीकारणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या 1985च्या अहवालापासून माणसाची एकूण ऊर्जेची गरज ही विश्रांतीच्या खर्चाला कामाच्या प्रमाणाने गुणून काढली जाते. भारतात 2020 साली ठरलेल्या निकषांनुसार 65 किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला 2,110 कॅलरी लागतात आणि जड कष्टासाठी 3,470. पाया तोच, गुणक मात्र एकात 1.4 आणि दुसऱ्यात 2.3. म्हणून पायातली 10 टक्क्यांची चूक बैठ्या माणसाच्या खात्यात सुमारे 210 कॅलरींची होते, तर ऊस तोडणाऱ्या किंवा खडी फोडणाऱ्याच्या खात्यात ती साडेतीनशेच्या घरात जाते. चुकीचा सर्वांत मोठा वाटा सर्वांत जास्त राबणाऱ्याच्या पदरी पडतो. गरिबीच्या मोजणीतही हीच गणिते होती. 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिवसाला 2,250 कॅलरी हा निकष धरून देशातील दारिद्र्य मोजले. 1979 साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी 2,400 आणि शहरांसाठी 2,100 कॅलरींची रेषा आखली. मूळचे सातारा जिल्ह्यातले, अन्न व कृषी संघटनेत जागतिक कीर्ती मिळवून पुण्यात स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या रेषेवरच आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाचा खर्च आणि आहार आठवड्या-आठवड्याला बदलतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणे चूक, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी ते मान्य केले नाही आणि 1980च्या दशकाच्या आरंभी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये या दोघांचा वाद रंगला. माझ्या मते सुखात्मे यांचा प्रश्न बरोबर होता, कारण सरासरीला सीमारेषा मानता येत नाही हे त्यांनी नेमके ओळखले. त्यावरून उपाशी माणसांची संख्या कमी धरण्याचा निष्कर्ष मात्र धोक्याचा होता.

धोका कुठे होता, ते भुकेच्याच अभ्यासातून कळते. 1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले, पण विश्रांतीचा ऊर्जाखर्च त्याहून जास्त, जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरला. शरीराने जुळवून घेतले होते हे खरे. पण त्या मोबदल्यात ते तरुण थंडीने कुडकुडत होते, खिन्न झाले होते, त्यांची ताकद गेली होती आणि अन्नाखेरीज दुसरे काही त्यांना सुचत नव्हते. कमी खर्च हे तिथे गरज भागल्याचे लक्षण नव्हते, गरज न भागल्याचा परिणाम होता. म्हणून कुणी असा आक्षेप घेईल की ‘भारतीयांचा खर्च कमी आहे’ असे मोजून दाखवले तर सरकारला रेशन कापायला निमित्त मिळेल, तर तो आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. त्याचे उत्तर मोजमाप टाळणे हे नाही. पहिले उत्तर असे की उपाशी समाजाचा मोजलेला खर्च हा त्या समाजाच्या गरजेचा निकष होऊच शकत नाही. निकषासाठी पुरेसे खाणारी निरोगी माणसेच मोजली पाहिजेत. दुसरे उत्तर साध्या गणितात आहे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. दिवसाला ते सुमारे 165 ग्रॅम होते आणि त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीच्या नुसत्या विश्रांतीचा सर्वांत कमी अंदाज धरला, तरी हे धान्य साधारण निम्मीच गरज भागवते. कोणतेही सूत्र घ्या, कपातीला आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे. 10 टक्के इकडे-तिकडे झाले तर काय बिघडले, सूत्र स्वस्त आहे, पटकन उत्तर देते, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरे. यातला पहिला भाग मी मान्य करतो: निरोगी माणसाला आहाराची सुरुवात करून द्यायला सूत्र पुरेसे आहे. पण त्या आकड्यावर निर्णय बसवला की 10 टक्के लहान राहत नाहीत. वजन उतरवण्यासाठी दिवसाला 300 ते 500 कॅलरी कमी खा, असा सल्ला दिला जातो. सूत्राने खर्चच 120 कॅलरींनी जास्त सांगितला असेल, तर त्या कपातीचा मोठा हिस्सा कागदावरच राहतो, वजन अपेक्षेप्रमाणे उतरत नाही आणि माणसाला ‘तुम्ही चोरून खात असणार’ असे ऐकावे लागते. सूत्राची चूक रुग्णाच्या चारित्र्यावर ढकलली जाते. ज्यांनी पूर्वी खूप वजन घटवले आहे त्यांच्यावर तर हा अन्याय दुप्पट होतो. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासले तेव्हा त्यांचा विश्रांतीचा खर्च त्यांच्या शरीराच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी आढळला. 2016 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. अशा माणसाला कोणतेही प्रचलित सूत्र चुकीचेच उत्तर देणार. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे तर विचारूच नका. ताप, जंतुसंसर्ग, भाजणे, औषधे यांनी त्याचा खर्च तासातासाला बदलतो. कमी अन्न दिले तर स्नायू झिजतात, जास्त दिले तर यकृतावर आणि श्वासावर ताण येतो. तिथे सूत्रापेक्षा प्रत्यक्ष मोजमाप करावे, अशी शिफारस युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच.

तिसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला कक्षा सांगितली तर तो गोंधळतो. त्याला एक आकडा हवा असतो. मला हे पटत नाही. पावसाचा अंदाज टक्क्यांत आणि रक्तातल्या साखरेचा अहवाल ‘अमुक ते अमुक’ अशा कक्षेसह वाचायला लोक शिकले आहेत. तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनशेजारी कक्षा छापलेली असते आणि ती पाहून कुणी गांगरत नाही. उलट, कक्षा कळली की माणूस आकड्याला शरण न जाता आपल्या शरीराकडे पाहू लागतो. मधल्या आकड्यापासून सुरुवात करायची, तीन-चार आठवडे खाण्याची प्रामाणिक नोंद ठेवायची, रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढायची. वजन स्थिर राहिले तर आपण खातो तितकाच आपला एकूण खर्च आहे, घटले तर खर्च जास्त आहे. ही पद्धत कोणत्याही सूत्राहून त्या व्यक्तीसाठी अधिक खरी आहे आणि तिला साध्या वजनकाट्यापलीकडे काही लागत नाही. एकच आकडा मात्र माणसाला असे पाहूच देत नाही. तो पाळायचा किंवा मोडायचा, एवढेच शिल्लक ठेवतो.

म्हणून मागण्या स्पष्ट कराव्या लागतील. ज्या यंत्रावर, अ‍ॅपवर किंवा अहवालावर हा आकडा छापला जातो, तिथे कोणते सूत्र वापरले आणि चुकीची शक्यता किती, हे छापणे बंधनकारक व्हावे. आहारतज्ज्ञांच्या शिक्षणात सूत्रे पाठ करण्याइतकेच महत्त्व त्यांच्या मर्यादांना मिळावे. निदान प्रत्येक विभागातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनवायूंवरून ऊर्जाखर्च मोजण्याची सोय असावी, आधी अतिदक्षता विभागासाठी आणि मग संशोधनासाठी. आणि भारतीयांच्या मोजमापांचा एक खुला संग्रह उभा राहावा, ज्यात स्त्रिया, वृद्ध, आदिवासी, शेतमजूर आणि शहरी बैठे नोकरदार यांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असेल. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाने अशा मोजमापांची परंपरा अनेक वर्षे चालवली आहे. ती एका संस्थेची जबाबदारी राहू नये. ज्या देशाने दारिद्र्याची रेषा कॅलरींत आखली आणि ज्याच्या पुण्यात त्या रेषेवर इतका मोलाचा वाद झाला, त्या देशाने आपल्या माणसांचे श्वास मोजायला हरकत कोणती? दुसऱ्यांच्या शरीरांवरून काढलेला आकडा 5 टक्के कापून वापरण्याचे दिवस संपायला हवेत. आपल्या शरीरांची मोजमापे आपण घेतली, त्यांतली अनिश्चितता उघडपणे छापली, तर रुग्णावर खोटा आळ येणार नाही आणि राबणाऱ्या माणसाची भूक सरासरीखाली दडपता येणार नाही.